थांबलेला ओळंबा

ताईच्या खोलीत खोटं असं एकच होतं. ओळंबा आपोआप फिरत नसे. बाकी सगळं खरं होतं. भिंतीवरचा सात चक्रांचा तक्ता तिने स्वतः रंगवला होता. मधला अरुंद लाकडी बाक तिचाच, त्यावरची चादर रोज धुतलेली. आणि खालच्या सायकलच्या दुकानाशेजारचा उभा जिना चढून जी माणसं वर यायची, त्यांचं दुखणं तर खरंच असायचं. दुखण्याचं सोंग आणायला एवढा जिना कोण चढतंय!

कामाची रीत ठरलेली. माणसाला बाकावर उताणं झोपवायचं. ओळंब्याची दोरी अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरायची आणि मूलाधारापासून वर सरकत टाळूवरच्या सहस्रारापर्यंत एकेका चक्रावर ओळंबा टांगायचा. तो गोल फिरला तर चक्र उघडं. फिरला पण जेमतेम, तर चक्र जड. मग पुठ्ठ्याच्या कार्डावर पेन्सिलीने सात वर्तुळं काढायची, जेवढा फेर तेवढं वर्तुळ. कार्ड खोक्यात ठेवायचं आणि पुढच्या खेपेला जुनं-नवं शेजारी ठेवून दाखवायचं. वर्तुळ मोठं झालेलं पाहून माणूस जिना उतरताना निम्मा बरा झालेला असे.

आता फेर यायचा कुठून? तर ताईच्या बोटातून. मिठाची चिमूट सोडताना बोट जेवढं चोळलं जातं, तेवढंच ती दोरी चोळायची. समोर बसलेल्यालाही दिसत नसे, मग डोळे मिटून पडलेल्याला कुठून दिसणार?

लगेच तिला लबाड म्हणून मोकळे होऊ नका. चाळीस मिनिटं कुणी तरी आपल्यापाशी बसून कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, रात्री झोप लागते का, असं विचारतं, ही चैन किती जणांच्या वाट्याला येते? ताई ऐकायची, आणि मनापासून ऐकायची. बोलणं ऐकताना तिला जिथे अडल्यासारखं वाटे तिथे ती फेर लहान ठेवायची. बऱ्याचदा तिचा अंदाज बरोबरही यायचा. म्हणजे ओळंबा नाही, तर ती स्वतः माणसं वाचायची. पण तसं सांगितलं असतं तर जिना चढून कोण आलं असतं?

आणि तो ओळंबा तरी कुणाचा! तिच्या वडिलांचा. वडील गवंडी होते, भिंत सरळ उभी आहे का ते याने बघायचे. अंगठ्याएवढा जाड, खाली टोकदार असा पितळी ओळंबा आणि हाताच्या मळाने काळी झालेली सुती दोरी. ही विद्या शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात सगळ्यांनी स्फटिकाचे नाजूक लोलक आणले होते आणि ताईने हा ठोकळा. सुरुवातीला सगळे हसले. पण तिने तो हवेत टांगला तसा वर्ग गप्प झाला. त्या वजनात काहीतरी होतंच.

वडिलांचं एक सांगणं होतं. हलत्या ओळंब्याचं ऐकून वीट ठेवू नये. तो थांबला की बोलतो, आणि बोलतो ते खरंच बोलतो. ओळंबा कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो धरणारा. आणि ताईचा तर अकरा वर्षांचा सगळा धंदा हलत्या ओळंब्यावर उभा. वडील असते तर त्यांनी तो तिच्या हातातून हिसकावून घेतला असता, एवढं तिलाही कळत होतं.

पहिल्यांदा ओळंबा थांबला तो इस्त्रीवालीच्या बेंबीवर. ताईने नेहमीसारखं बोट चोळलं. दोरीला पीळ पडला, पण ओळंबा जागचा हलला नाही. तिने जरा जास्त चोळलं. पीळ वाढला, ओळंबा तसाच. तरी तोंडाने ती म्हणाली, मणिपूर जरा जड आहे, होईल मोकळं. आणि कार्डावर मध्यम आकाराचं वर्तुळ काढलं. महिन्याभरात इस्त्रीवाली पोटाच्या आजाराने गेली.

दुसऱ्यांदा थांबला तो म्हाताऱ्या घड्याळजीच्या छातीवर. त्याला तर ताईने अनाहत चांगलं उघडं आहे म्हणून सांगितलं, कारण बिचाऱ्याला तेच ऐकायचं होतं. तो वीस दिवसांनी दुकानात बसल्या बसल्या गेला, डोळ्याला भिंग लावलेलं तसंच.

दोघांच्याही कार्डांच्या पाठीवर ताईने पेन्सिलीने एकेक बारीक टिंब काढलं होतं. का काढलं ते तिने स्वतःलाही विचारलं नाही. कधी वाटायचं, या ओळंब्याला काहीतरी कळतं. कधी वाटायचं, त्याला काय कळतंय डोंबल, कळतं ते आपल्या हाताला. इस्त्रीवालीचे डोळे पिवळे झाले होते आणि घड्याळजीचे ओठ निळसर, ते आपण पाहिलंच होतं की. डोळ्यांनी पाहिलं, हाताला समजलं आणि तोंडापर्यंत ते पोचलंच नाही. दोन्हींतलं काहीही खरं असलं तरी झोप उडायची ती उडायचीच.

आणि मग तिचा धाकटा भाऊ आला.

याला सगळे भोंगा म्हणायचे. वडिलांचा धंदा त्याने उचलला होता आणि आवाज आईचा. चौथ्या मजल्याच्या परांचीच्या फळीवरून त्याने हाक मारली की खाली सिमेंटचा माल कालवणारा दचकायचा, आणि पलीकडच्या गल्लीतली कुत्रीही उठून बसायची. ताईच्या कामाची त्याने जन्मभर टिंगल केली. माझ्या ओळंब्याने भिंती उभ्या राहतात, तुझ्या ओळंब्याने माणसं आडवी होतात, हा त्याचा ठरलेला विनोद. तो ऐकून ताई हसायची, पण तो तिला लागायचा. सगळं जग ताई ताई करत होतं आणि पाठचा भाऊ तेवढा मोजायला तयार नव्हता.

त्या दिवशी त्याचा आवाज बसलेला होता. दोन महिने झाले, म्हणाला. आधी धुळीने असेल वाटलं, मग सिमेंटने, मग थंडीने. दवाखान्यात दाखवलं तर डॉक्टरांनी मंगळवारी बोलावलं आहे, घशात दुर्बीण घालून बघणार आहेत. चार मजले उघड्या फळीवर चालणारा माणूस, पण दुर्बीण म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली होती. तूच बघ ना एकदा, असं तो जमिनीकडे बघत म्हणाला. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

ताईला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं. तिने त्याला बाकावर झोपवलं, गळ्याशी आवळलेली कॉलर सैल केली, आणि तेवढ्यात तिच्या बोटांना ते लागलं. जबड्याखाली, डाव्या बाजूला. वाटाण्याएवढं, आणि खड्यासारखं कडक. दाबलं तरी हललं नाही आणि त्याला दुखलंही नाही. सर्दीची गाठ असेल, असं म्हणत तिने हात काढून घेतला आणि दोरी धरली.

खालची चारही चक्रं तिने नीट फिरवली. ओळंबा गळ्यावर आला, विशुद्ध चक्रावर. तिने बोट चोळलं. ओळंबा थांबलेला. पुन्हा चोळलं, मनगटही हलवलं. दोरी थरथरली आणि खालचं पितळ जसंच्या तसं, टोक बरोबर त्याच्या कंठावर.

"थांबला," ताईच्या तोंडून निघून गेलं.

भोंग्याने डोळे उघडले. वर टांगलेला ओळंबा त्याने पाहिला, अगदी गवंड्याच्या नजरेने पाहिला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"अजिबात हलत नाहीये की! म्हणजे ओळंब्यात आहे सगळं. सरळ आहे."

त्याच्या धंद्यात थांबलेला ओळंबा म्हणजे काम चोख. भिंत साधली, आता पुढचा थर लावायला हरकत नाही. आयुष्यभर त्याने हेच पाहिलं होतं आणि वडिलांनीही त्याला हेच शिकवलं होतं. ताईच्या खोलीत थांबण्याचा अर्थ उलटा असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण अकरा वर्षांत तो या बाकावर कधी झोपलाच नव्हता.

ताईने तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तो उठून बसला, तिचा हात हातात घेतला आणि बसक्या आवाजात म्हणाला की मी तुला उगाच हसलो इतकी वर्षं, वडिलांचा ओळंबा वडिलांसारखाच बोलतो गं तुझ्या हातात. हे ऐकायला ती अकरा वर्षं थांबली होती. तोंड तसंच मिटलं. मंगळवार यायला अजून चार दिवस आहेत, तेवढ्यात सांगू, असं तिने मनाशी म्हटलं. तो गेल्यावर कार्डाच्या पाठीवर टिंब मात्र काढलं.

मंगळवारी भोंगा दुर्बिणीला गेला नाही. कामावर गेला.

पुढचे सहा आठवडे ताईने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे तर एकाचा घसा खवखवत होता आणि दुसरीचं मन. पहिल्या आठवड्यात तिने ठरवलं की सर्दी उतरली की गाठ जाईल. दुसऱ्या आठवड्यात आपणहून त्याच्या घरी जाऊन ती सहज म्हणाली, एकदा डॉक्टरांकडेही जाऊन ये की, काय बिघडतं? त्यावर तो हसला. म्हणाला, बाई, तुझाच तुझ्या कामावर भरवसा नाही होय? गाठ लागली म्हणावं, तर त्याच दिवशी का नाही सांगितलंस? आणि ओळंब्याचा खरा अर्थ सांगावा, तर बोट चोळण्याचीही गोष्ट निघणार. एक वीट काढायला जावं तर सगळीच भिंत अंगावर येईल, अशी गत.

त्यात भोंग्याने तिची कीर्ती गावभर केली. कधी नव्हे ते गवंडी, सुतार, रंगारी, झाडून सगळे जिना चढू लागले. भोंग्याची बहीण ना, त्याला तुम्हीच बरं केलंत ना, असं विचारायचे. बरं कुठलं! त्याचा आवाज आता कुजबुजीवर आला होता. परांचीवरून हाक मारता येईना म्हणून तो गिलाव्याच्या थापीने लोखंडी नळी वाजवायचा. एकदा वाजली की माल, दोनदा वाजली की पाणी. साइटवरच्यांनी यावरही विनोद केले, की भोंग्याची आता घंटा झाली. हे ताईला एका रंगाऱ्याने हसत हसत सांगितलं, तेव्हा तिच्या हातातली दोरी त्याच्या पोटावरच पडली.

ओळंबा धरायची तिला धास्ती बसली. एकदा खोलीचं दार लावून तिने तो स्वतःच्या गळ्याजवळ धरला आणि आरशात पाहत बोट चोळलं. चांगला गरगरा फिरला. तिला त्या फिरण्याची किळस आली.

मग एका दुपारी भावजय आली. कधी जिना न चढणारी बाई, धापा टाकत आली आणि बाकाच्या कडेवर टेकली. सांगू लागली, की त्यांना आता पाण्याच्या घोटाशिवाय घास उतरत नाही. रात्री खोकतात. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा ठिपका दिसला, मी विचारलं तर हिरडीचं असेल म्हणाले. डॉक्टरांचं नाव काढलं की ताईंनी बघितलंय म्हणतात. तरी रविवारी त्यांना घेऊन येते, एकदा पुन्हा ओळंबा लावून बघाल का?

ताईने मान हलवली. भावजय उठली, पदराने घाम पुसला आणि जाता जाता म्हणाली:

"तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे, ताई."

तिची पावलं जिन्यावरून खाली जाईपर्यंत ताई उभी होती. मग खाली बसली आणि रडली. भावासाठी रडली, की आता आपलं कसं होणार म्हणून रडली, हे तिला धड ठरवता येईना, आणि त्याची तिला जास्त लाज वाटली.

रविवारची वाट तिने पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ओळंबा पिशवीत टाकून ती साइटवर गेली. बांधकाम तिसऱ्या मजल्यापर्यंत आलं होतं, जिन्याला अजून कठडा नव्हता. भोंगा जिन्याच्या भिंतीला गिलावा करत होता. किती वाळला होता! सदरा खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. तिला बघून त्याने नळी तीनदा वाजवली, म्हणजे पाहुणे आले, आणि हसला.

ताईने त्याला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं. सगळं, एका दमात. की मी दोरी चोळते. अकरा वर्षं चोळते आहे. कुणाचंही चक्र आपोआप फिरत नाही, मी फिरवते. फक्त दोघांच्या वेळी तो फिरवूनही फिरला नाही, आणि ती दोघंही गेली. तिसरा तू. थांबला म्हणजे सरळ नव्हे, भोंग्या, माझ्याकडे थांबला म्हणजे वाईट. चल आत्ताच्या आत्ता दवाखान्यात.

तिला वाटलं, आता हा थापी फेकून मारेल. पण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू भलतीच सुटका पसरली. जवळ येऊन तो कुजबुजला, आणि कुजबुजतानाही त्याला दम लागत होता.

"म्हणजे सगळं खोटंच ना? मग थांबला तेही खोटंच की. उगाच घाबरवतेस."

ताईने अकरा वर्षांचं खोटं कबूल करायला एवढी हिंमत गोळा केली, आणि त्या कबुलीनेच खऱ्याचा गळा दाबला. आता कुठल्या तोंडाने सांगणार, की एवढं एक तेवढं खरं आहे? भोंगा मागे वळलासुद्धा. ओल्या गिलाव्यावर त्याने तळहात फिरवला, एका जागी थबकला, बोटांच्या टोकांनी पुन्हा चाचपलं आणि थापीने तिथला इवलासा फुगवटा काढून टाकला. डोळ्याला तिथे काहीच दिसत नव्हतं. वडीलही असंच करायचे. गवंड्याचे डोळे बोटात असतात म्हणायचे.

ताईने त्याचं मनगट धरलं. ओळंबा पिशवीतच राहू दिला. त्याची ती सिमेंटने चरे पडलेली बोटं उचलली आणि त्याच्या जबड्याखाली डाव्या बाजूला नेऊन ठेवली.

"माझं ऐकू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या हाताला विचार."

भोंग्याची बोटं आधी नुसती टेकली. मग चाचपू लागली. वर गेली, खाली आली, त्याच जागी परत आली. वाटाणा आता वाटाण्याएवढा राहिला नव्हता. खाली दुसराही होता. ती बोटं जन्मभर भिंतींतले फुगवटे शोधत आली होती, आणि इथे आजवर ती गेलीच नव्हती. रोज गळ्यावरून वस्तरा फिरवणारा माणूससुद्धा, जिथे काही सापडायला नको असतं तिथे बोट नेत नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते कळलं नाही. थापी त्याने घमेल्यात ठेवली. हात धुतले, अगदी नखांतून, जेवायला बसायच्या आधी धुतो तसे.

वाटेत भावजयीला घेतलं. ताईच त्यांना घेऊन निघाली म्हटल्यावर तिला धीर आला होता. दवाखान्याच्या लांबलचक बाकावर ती मध्ये बसली, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला ताई, आणि ताईचा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. ताईंनी ओढून आणलं म्हणून आले, नाही तर ऐकत होते कुणाचं, असं ती शेजारच्या अनोळखी बाईलाही सांगत होती. भोंगा समोरच्या भिंतीकडे बघत होता. भिंत ओळंब्यात नव्हती, वर जाताना बोटभर पुढे झुकली होती. एरवी तो यावर दहा मिनिटं बोलला असता.

नंबर आला. तिघेही आत गेले, ताईचा हात भावजयीच्या हातात तसाच. डॉक्टरीण बाई तरुण होती. तिने गळा दोन्ही हातांनी तपासला, मागून, पुढून. जुना कागद काढून तिने तारीख बघितली. दुर्बिणीला का आला नाहीत, हे विचारलंच नाही. पेन उघडलं.

"ही गाठ किती दिवसांपासून आहे?"

भोंग्याने तोंड उघडलं. आवाज आलाच नाही, नुसता वारा आला. त्याने पुन्हा प्रयत्न केला नाही. हात उचलला आणि बोट ताईकडे केलं. रागाने नव्हे. ज्याला माहीत आहे त्याला विचारा, एवढंच सांगितल्यासारखं.

डॉक्टरीण बाई ताईकडे वळली. भावजयही वळली. तिला वाटलं असणार, ताई आता काहीतरी धीराचं बोलतील.

"सहा आठवडे," ताई म्हणाली. "पहिल्याच दिवशी माझ्या हाताला लागली होती."

डॉक्टरीण बाईने ते लिहून घेतलं. भावजयीने ताईचा हात सोडला.